बुधाची शेपटी आणि उबाळेबाई

बुधाच्या शेपटीचा पहिला फोटो मी कात्रीने कापून कचऱ्याच्या डब्यात टाकला.

त्यात शेपटी होती की नव्हती, हे आता ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. उबाळेबाईंनी हे वाक्य वाचलं असतं तर लगेच म्हणाल्या असत्या, "ब्रह्मदेवाला कशाला मधे ओढतोस? कात्री तुझी होती." खरं आहे. कात्री माझी, स्टुडिओ माझा आणि सवयही माझीच. धसईच्या बाजारपेठेत तेव्हा माझा फोटो स्टुडिओ होता. एस.टी.च्या पासाला, शाळेच्या दाखल्याला लागणारे काळे-पांढरे फोटो मी स्वतः काढायचो आणि रोलही स्वतःच धुवायचो. अर्धा रोल वाया घालवायचा नाही ही धंद्याची रीत, म्हणून एकाच रोलवर आधी अठ्ठावीस माणसांची घाबरलेली तोंडं होती आणि शेवटी बाईंच्या चार फ्रेम. रोल धुऊन उजेडात धरला. तोंडं उत्तम आली होती. पुढच्या चार फ्रेम नुसत्या करड्या, प्रत्येकीत एकेक काळा ठिपका. अशा फ्रेम दिसल्या की माझा हात मला विचारत बसत नाही. कापल्या आणि टाकल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला बाई हजर.

"कुठायत?"

मी डबा बघितला. डबा रिकामा. बायकोने सकाळी बंब पेटवताना तोच कचरा घातला होता. फिल्म किती छान पेट घेते, हे तिने मला कौतुकाने सांगितलंही.

बाईंनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "पाणी तापलं का नीट?"

"तापलं, बाई."

"चला. काहीतरी उपयोग झाला." आणि निघून गेल्या.

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. ओरडण्याची मला सवय होती.

उबाळेबाईंनी मला हायस्कुलात आठवी ते दहावी विज्ञान शिकवलं. माझ्या विज्ञानाला त्या जबाबदार नाहीत, हे इथेच सांगून टाकतो. बाई बुटक्या, काटक, पदर कमरेला घट्ट खोचलेला. त्यांचे वडील खर्डीला रुळांवर खडी टाकायच्या कामाला होते. त्यांच्या वस्तीतून बी.एस्सी. झालेली पहिली मुलगी म्हणजे बाई. पण हे त्या कधी सांगायच्या नाहीत, दुसरे सांगायचे. त्या स्वतः एवढंच म्हणायच्या, "आमच्या घरात बसायला जागा नव्हती, म्हणून मी उभी राहून शिकले."

आणि मग जन्मभर उभ्याच राहिल्या. वर्गात खुर्ची असायची, पण तिच्यावर वह्या बसायच्या. बाई बाकांच्या मधून येरझाऱ्या घालत शिकवायच्या. परीक्षेला त्यांची देखरेख असली की तीन तास त्या वर्गातून फिरायच्या. पेपर कठीण नव्हता पण चक्कर आली, अशी पोरांची तक्रार असायची. चहासुद्धा चालता चालता. कप हातात घेऊन निघायच्या आणि चहा संपेल तिथे कप ठेवून पुढे जायच्या. पाण्याच्या टाकीवर, सायकल स्टँडच्या पत्र्यावर, एकदा तर शेजारच्या रेशन दुकानाच्या वजनकाट्यात. मधल्या सुट्टीनंतर शाळेचा शिपाई बादली घेऊन बाईंचे कप वेचायला निघायचा. त्याला विचारलं, "कुठे?" तर म्हणायचा, "बाई कुठं कुठं गेल्या ते बघायला."

"बसून काय उगवतं रे?" हे त्यांचं पेटंट वाक्य. मी स्टुडिओत गिऱ्हाइकाची वाट बघत बसलेला दिसलो की रस्त्यावरूनच फेकायच्या आणि उत्तराला थांबायच्या नाहीत.

अशा बाईंच्या डोक्यात बुध शिरला तो दोन हजार सालानंतर, त्यांची निवृत्ती दोन-तीन वर्षांवर आली असताना. कुठल्याशा विज्ञानाच्या मासिकात त्यांनी वाचलं, की बुध ग्रहाला धूमकेतूसारखी शेपटी असते. सोडियमच्या वायूची. सूर्याच्या उजेडाचा रेटाच तो वायू मागे ढकलतो आणि लाखो मैल लांब शेपूट तयार होतं. डोळ्यांना ते दिसत नाही, इतकं फिकट. पण सोडियमचा तो एकच पिवळा रंग आत सोडणारी काच कॅमेऱ्यासमोर लावली, तर फोटोत येऊ शकतं.

आता हा पिवळा रंग म्हणजे बाईंचं माहेर. तीस वर्षं दर वर्षी त्या वर्गात स्पिरिटचा दिवा पेटवायच्या, तारेच्या टोकाला मीठ लावून निळ्या ज्योतीत धरायच्या आणि ज्योत भक्कन पिवळी झाली की पोरांकडे अशा बघायच्या, जणू ही गोष्ट त्यांनाही आजच कळली.

"विलास," त्या एका दुपारी स्टुडिओच्या पायरीवर उभ्या राहून म्हणाल्या, "तुझ्याकडे लांबचं बघायची लेन्स आहे ना?"

होती. स्टेजच्या मागे उभं राहून नवरीचे डोळे पुसतानाचे फोटो काढायला घेतलेली.

"ती मला दे. तूही ये."

माझा या कथेतला प्रवेश एवढाच. लेन्सबरोबर फुकट मिळालो.

काच मिळाली बाईंच्या एका जुन्या विद्यार्थ्याकडून. तो मुंबईच्या एका प्रयोगशाळेत होता. तिथे बाद झालेला एक फिल्टर त्याने बाईंना दिला. आरशासारखी चकचकीत, तळहाताच्या खळग्यात मावेल अशी चकती. देताना त्याने बजावलं होतं, की हिच्यावर फार नाजूक थर आहेत. ओल लागली की ते कडेकडून उडत येतात. उडाले की ती साधी काच.

दुसरी अडचण पृथ्वी फिरते ही. मिनिटभर जरी कॅमेरा उघडा ठेवला तरी ग्रह सरकतो आणि रेघ उमटते. बाईंनी एका सुताराकडून दोन फळ्या बिजागरीने जोडून घेतल्या. वरच्या फळीवर कॅमेरा, आणि खालून आटे पाडलेला एक दांडा. तो दांडा दर पंधरा सेकंदांनी पाव फेरा फिरवायचा, म्हणजे फळी आभाळाबरोबर हळूहळू उघडत जाते. सुताराने विचारलं, "हे काय, पापडाचं यंत्र?" बाई म्हणाल्या, "पृथ्वी थांबवायचंय." सुताराने पैसे आगाऊ मागितले.

बुध दिसतो तो सूर्याच्या आसपासच. संध्याकाळी सूर्य मावळल्यावर पाऊण तासाने, जरा अंधारलं की वीसेक मिनिटं. मग तोही खाली धुरकटीत बुडतो. त्यातही चैत्राच्या सुमाराला तो वर असतो. त्यातही सूर्याच्या अगदी जवळून जाऊन पंधराएक दिवस झाले, की शेपटी सगळ्यात ठळक. त्यातही चंद्र नको. एवढी चाळण लावल्यावर वर्षातल्या तीन-चार संध्याकाळी हाती लागतात. ज्या बाईंना चहा संपेपर्यंत एका जागी राहवत नव्हतं, त्यांनी हे काम निवडलं होतं.

पहिल्या वर्षी आम्ही आधी शहापूरच्या बाजूला गेलो, भातसानगरच्या वरच्या एका टेकाडावर. जागा छान, पश्चिम मोकळी. फळ्या मांडल्या. अंधारलं आणि खाली धरणाच्या भिंतीवर दिव्यांची माळ पेटली. लांबवर हायवेचीही. सगळं कसं सोनेरी.

मी म्हणालो, "बाई, काय सुंदर दिसतंय!"

बाईंनी चकती डोळ्यासमोर धरून दिव्यांकडे बघितलं. मग हसायला लागल्या. "सोडियमचे दिवे, विलास. सोडियमचे! आपल्या चकतीतून जगातला सगळा उजेड अडतो, फक्त एवढाच आत येतो. तीस वर्षं शिकवतेय मी हे." फळ्या मिटून त्या उतरायलाही लागल्या. मी तिथेच बसून दिव्यांचे दोन फोटो काढले. ते मात्र छान आले, पुढच्या वर्षीच्या कॅलेंडरवर छापले.

मग आम्ही आमच्याच धसईच्या वरच्या डोंगरावर गेलो. तिथे दीड तासाच्या चढणीवर एक सपाटी आहे. मुरबाडच्या कारखान्यांचे दिवे मधल्या सोंडेच्या आड जातात. तिथे दोन-दोन मिनिटांच्या चार फ्रेम घेतल्या. त्यांचं पुढे काय झालं ते आलंच आहे.

एवढं झाल्यावर शहाण्या माणसाने मला दूर ठेवलं असतं. बाईंनी पावसाळ्याच्या तोंडावर ती चकती माझ्याच हवाली केली. कारण माझ्याकडे दिव्याचं कपाट होतं. आमच्याकडे पावसाळ्यात चार महिने भिंतीसुद्धा घाम सोडतात; लेन्सना बुरशी धरते. म्हणून फोटोवाले एका लाकडी कपाटात पंधराचा बल्ब रात्रंदिवस जळता ठेवतात. त्याच्या उबेने आतली हवा कोरडी राहते. बाईंनी चकती कोरड्या तांदळाच्या डब्यात घालून त्या कपाटात ठेवली. "बल्बवर लक्ष ठेव," म्हणाल्या.

मी ठेवलं. गणपतीपर्यंत ठेवलं. मग गणपतीच्या गडबडीत कपाट पंधरा दिवस उघडलंच नाही, आणि उघडलं तेव्हा आत अंधार होता. बल्ब कधी गेला कुणास ठाऊक. तांदळाला कुबट वास. चकती बाहेर काढली तर तिच्या कडेने चकाकी उडालेली. साध्या काचेची रुंद कड आणि मधे आठ आण्याच्या नाण्याएवढाच चांगला भाग राहिलेला.

मी चकती घेऊन बाईंच्या घरी गेलो. वाटेत चार सबबी पाठ केल्या होत्या. बाई अंगणात फेऱ्या मारत वह्या तपासत होत्या. चकती त्यांनी उजेडात धरून फिरवली.

"आणखी एक पावसाळा नाही काढायची ही," त्या म्हणाल्या. मग नाण्याएवढ्या भागावर बोट ठेवून, "एवढ्यातून उजेड चौथाई येईल. म्हणजे दोन मिनिटांच्या जागी आठ मिनिटं."

"बाई, माझी चूक—"

"चूक तर आहेच. आठ मिनिटं न चुकता दांडा फिरवायचा, त्याचा विचार कर."

पुढच्या मे महिन्यात त्या निवृत्त होणार होत्या, आणि मग नाशिकला मुलीकडे. म्हणजे मधे एकच चैत्र होता. बाई तशा कुणाकडे काही मागत नसत. पण ही शेपटी आपल्या डोळ्यांनी कागदावर बघायची, एवढं एक त्यांना हवं होतं. ते त्या बोलून दाखवत नव्हत्या. पण त्या हिवाळ्यात शाळेच्या मागे, फळ्या मांडून, कॅमेऱ्याशिवाय, नुसता दांडा फिरवताना त्यांना मी कित्येकदा पाहिलं. पाव फेरा, थांब. पाव फेरा, थांब. कप शेजारी गार होत असायचा. शिपायाला कप शोधावे लागत नव्हते, म्हणून तो काळजीत पडला होता.

चैत्र आला. बाईंनी तीन संध्याकाळी निवडून काढल्या. आठवडाभर आधी आम्ही सपाटीवर जाऊन पाहिलं, आणि पश्चिमेकडे जे दिसलं त्याने बाई जागीच थांबल्या. धूर. डोंगराच्या पायथ्याच्या पाड्यातून निळा-करडा धूर उठून आडवा पसरला होता, नेमका बुध जिथे येणार तिथे.

राब भाजायचे दिवस होते; आदल्या वर्षी आम्ही ते सुरू व्हायच्या आधीच येऊन गेलो होतो. भाताचं रोप टाकायच्या जमिनीवर शेण, फांद्या, पालापाचोळा, गवत आणि वर माती असे थर रचतात आणि पेटवतात. सकाळी दंवाने पाला दमट असतो, दुपारी वारा असतो. म्हणून संध्याकाळी, वारा पडला की. आम्ही धसईत जन्म काढला, दर वर्षी हा धूर डोळ्यांत घेतला, आणि आभाळाचं वेळापत्रक मांडताना तो आमच्या दोघांच्याही डोक्यात आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी बाई पाड्यात. सपाटीच्या बरोबर खाली दामूदादाची खाचरं होती. पाड्यात दामूदादाचा शब्द चाले.

"बसा, बाई."

"बसायला टाइम नाय. दादा, तीन दिवस राब भाजू नका."

शाळेत पुस्तकी बोलणाऱ्या बाई पाड्यात शिरल्या की त्यांची जीभ आपोआप खर्डीच्या वस्तीत जायची.

दामूदादाने विडी खाली ठेवली. "बाई, रचून तयार हाय. पाऊस आला तं?"

"चैतात कसला पाऊस?"

"येतो. त्याला काय शाळंची घंटा लागते?"

"तीन दिवस, दादा. चौथ्या दिवशी दुप्पट भाजा."

"पण बघायचा काय हाय तिथं?"

बाईंनी पिशवीतून स्पिरिटचा दिवा काढला. घरात नेऊन अंधाऱ्या कोपऱ्यात पेटवला आणि दामूदादाच्या बायकोकडे, पार्वतीवहिनींकडे, चिमूटभर मीठ मागितलं. वहिनी मीठ घेऊन आल्या त्या जरा लांबूनच. "आमची दृष्ट काढताव का काय, बाई?"

"ग्रहाची काढते." तारेला मीठ लावून ज्योतीत धरलं. निळी ज्योत पिवळी झाली. बाईंनी वहिनींकडे बघितलं, तीच ती वर्गातली नजर. "त्या ग्रहावरून ह्याच पिवळ्याचा वारा उडतो. आपण सूर्य बुडाल्यावर बघतो ना, तिथंच असतो, पण दिसत नाय. मला त्याचा फोटो पाहिजे."

वहिनी ज्योतीकडे बघत होत्या. मग नवऱ्याला म्हणाल्या, "तीन दिवसांनी काय मरतंव का आपण?"

ठरलं. पाड्यातल्या बाकी घरांना सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी ते मन लावून केलं. एवढं मन लावून, की राब थांबवायचं कारण सांगता सांगता शेपटी घरागणिक वाढत गेली. शेवटच्या घरापर्यंत ती मोरपिसाऱ्याएवढी झाली होती.

पहिल्या संध्याकाळी धूर नव्हता, पण पश्चिमेला ढगांचा पट्टा. फळ्या मांडून बसलो आणि उठलो.

दुसऱ्या संध्याकाळी आभाळ धुतल्यासारखं. बाईंनी आदल्या रात्री ध्रुव बघून दगडावर चुन्याची रेघ मारून ठेवली होती. बिजागरी ध्रुवाकडे रोखली की फळी आभाळाच्याच चालीने उघडते, म्हणून ती त्या रेघेवर बसवली. बुध उगीच लुकलुकत दिसायला लागला. कॅमेऱ्याला धक्का न लावता तो उघडायचं तारेचं बटण मी हातात घेतलं. आणि खालून आवाज आले. पाऊलवाटेने उजेडाची रांग वर येत होती. बॅटऱ्या, कंदील आणि सगळ्यांत पुढे एक फुसफुसणारी पेट्रोमॅक्स. अख्खा पाडा शेपटी बघायला निघाला होता. बायकांनी वाटेत खायला चवळी उकडून आणली होती.

"कुठं हाय, फोटोवाल्या? पिसारा कुठं हाय?"

पेट्रोमॅक्स लेन्सच्या हातभर अंतरावर ठेवली गेली. बाईंनी माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं. मग त्या लोकांकडे वळल्या आणि त्यांना बुध, गुरू, मृग सगळं दाखवत सुटल्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत. बुध बुडाला तेव्हा त्या चवळी खात होत्या, उभ्याने. लोक खूश होऊन उतरले. पिसारा न दिसल्याचा राग सगळ्यांनी माझ्यावर काढला.

तिसऱ्या संध्याकाळी दामूदादा काठी घेऊन पाऊलवाटेच्या तोंडाशी बसला. वर आम्ही दोघंच.

मी घड्याळ बघून "हं" म्हणायचं आणि बाईंनी पाव फेरा फिरवायचा. कॅमेरा उघडला. बाई दगडावर गुडघे टेकून दांड्याशी ओणवल्या. पहिलं मिनिट गेलं. मी त्यांच्याकडे बघितलं आणि माझाच "हं" चुकणार होता. इतकी वर्षं या बाईंना मी पाहत होतो. त्यांचा एखादा तरी अवयव हलत नाही असं कधी झालं नव्हतं. आता फक्त दोन बोटं हलत होती. मानेवरून एक मोठा मुंगळा चढत कानामागे गेला. बाई हलल्या नाहीत. मला मात्र पाठीला, नाकाला, पोटरीला सगळीकडे खाज सुटली. आठ मिनिटांत बत्तीस "हं" म्हणेपर्यंत मी घामाघूम झालो. शेवटच्या "हं"ला कॅमेरा बंद केला. बाईंनी श्वास सोडला, मुंगळा उडवला आणि म्हणाल्या, "आता चकती काढ. तशीच साधी पिवळी काच लाव. आणखी एक."

"कशाला, बाई? झाला की."

"साध्या काचेतून बाकीचा उजेडही येतो, त्यात शेपटी बुडते. एकात दिसलं आणि दुसऱ्यात नाही, तरच ते आहे. नाहीतर काय, करडं आभाळ कुणालाही काहीही दाखवतं."

पुन्हा मोजणी सुरू झाली. या वेळी कॅमेरा थोडाच वेळ उघडा ठेवायचा होता, आभाळ तेवढंच करडं यावं म्हणून. बाईंनी सगळा हिशोब वहीत करून आणला होता. ही फ्रेम संपता संपता बुध धुरकटीत शिरला.

त्या रात्री रोल धुतेपर्यंत बाई स्टुडिओच्या बाहेर रस्त्यावर येरझाऱ्या घालत होत्या. या वेळी मी कात्री आधीच बायकोकडे दिली होती. दोन्ही फ्रेमचे मोठे फोटो करून ओलेच बाईंच्या हातात ठेवले. त्यांनी बल्बखाली धरले आणि पिशवीत घातले. "काय आहे का?" मी विचारलं. "मला जे हवंय तेच मला दिसणार," म्हणाल्या. "माझ्या डोळ्यांवर विश्वास ठेवू नकोस. सकाळी बघू."

पण सकाळी पासाच्या फोटोंना गिऱ्हाईक लागलं आणि ते बघणं संध्याकाळवर गेलं. चौथ्या दिवशी दुपारी, राब पेटवायच्या दोन तास आधी, पाऊस आला. अर्धा तास, पण बदाबदा. पाड्यातले राब भिजले. दामूदादाचा उतारावरचा राब तर माती, गवत सगळं वाहून खाली बांधाला लागलं. रोपाला तीच जमीन होती.

दामूदादा बाईंना काही बोलला नाही. बाईही माफी वगैरे मागायला गेल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे पदर खोचून, डोक्याला फडकं बांधून त्या पाड्यात हजर झाल्या, आणि मला ओढून नेलं. पाच दिवस आम्ही जंगलातून टहाळ तोडला, पाला गोळा केला, भारे वाहिले. बाई भारा डोक्यावर घेऊन उताराने जवळजवळ पळत यायच्या, वहिनी मागून ओरडायच्या, "अगो बाई, सावकाश! राब काय गाडी पकडतो का?" मी पहिल्या दिवशी दोन भारे आणले आणि मान धरली. नंतर मला पाणी द्यायच्या कामावर ठेवलं.

पुढच्याच महिन्यात बाई नाशिकला गेल्या. एक-दोनदा पत्र आलं. मग त्या गेल्याचं कुणीतरी सांगितलं. मुलीच्या घरून फिरायला निघाल्या होत्या, वाटेतच. पण मला त्या दिसतात त्या पाचव्या दिवशी दुपारच्या, दामूदादाच्या खाचरात. राब पुन्हा रचून झाला होता. सगळे आंब्याच्या सावलीत भाकरी खायला टेकले होते, बाई सोडून. त्यांनी पिशवीतून दोन्ही फोटो काढले.

"दादा, वहिनी, ह्याच्यासाठी तुमचा राब भिजला. बघा तरी."

लोक जमले. एक करडा कागद, मधे पांढरा ठिपका. दुसराही तसाच. हातोहात फोटो फिरले, उलटे झाले, सुलटे झाले. कुणाला काही कळेना. अशा वेळी जाणकाराने पुढे व्हायचं असतं. मी मान आखडलेलीच पुढे झालो आणि पहिल्या फोटोवर बोट ठेवलं. ठिपक्याच्या बाजूला एक बारीक, स्पष्ट, झोकदार पांढरी रेघ होती.

"ही बघा शेपटी. लाखो मैल लांब."

"विलास," बाई म्हणाल्या, "तो केस आहे. फोटो करताना निगेटिव्हवर पडलेला. तुझ्या मिशीचा असावा."

पाडा हसला. पार्वतीवहिनी हसल्या नाहीत. त्यांनी फोटो घेतला, हात लांब केला, डोळे बारीक केले. आयुष्यभर लांबचा धूर बघून कुणाच्या शेतात काय चाललंय ते ओळखणारे डोळे.

"ह्यो काय," त्या ठिपक्याच्या वर, केसापासून बराच दूर, रुंद बोट फिरवत म्हणाल्या. "वारा नसला का धूर कसा उठतो, तसा. खाली निमुळता, वर पसरट. हाय की."

बाई एकदम जवळ आल्या. "दुसऱ्यात बघा."

"यात नाय. यात नुसती टिकली."

बाईंनी दोन्ही फोटो घेतले, पाठमोऱ्या झाल्या, खाली-वर केले. केसावर अंगठा ठेवला, दुसऱ्या फोटोवर त्याच जागी दुसरा अंगठा ठेवला आणि वळून समोर धरले. "आता?"

"डाव्या हातात."

पुन्हा पाठमोऱ्या. पुन्हा वळल्या. "आता?"

"डाव्याच हातात. फसवताव काय, बाई?"

तिसऱ्यांदा. "उजव्या. तुमी कितीदा पण इचारा, धूर हाय तिथंच हाय."

बाई त्या फोटोंकडे बघत राहिल्या. हात तसेच पुढे धरलेले, कपाळावर पाल्याचा तुकडा चिकटलेला. कुणीतरी भाकरी पुढे केली ती त्यांना दिसली नाही. दामूदादाने "बाई?" म्हटलं ते ऐकू गेलं नाही. डोळे भरून आले होते, आणि ते पुसायलासुद्धा हात हलत नव्हता.

काहीतरी बोलायला हवं असं मला वाटलं. घसा साफ करून मी म्हणालो, "बाई, मला पण आधी तेच वाटलं होतं."

पार्वतीवहिनींनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि भाकरीचा तुकडा मोडत बाईंना म्हणाल्या, "याला कशाला बरोबर घेतलात गो? दोन वर्सांत आमची म्हस शिकली असती."